लखनौचे वृंदावन : ‘सुजान’ यांच्या चिजा

लखनौ शहराच्या दक्षिणेस, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, उत्तर प्रदेशच्या आवास विकास परिषदेने वसविलेली एक विस्तीर्ण वसाहत आहे. तिचे नाव ‘वृंदावन योजना’. सेक्टरांचे क्रमांक, आखीव रस्ते आणि एकापुढे एक उभ्या असलेल्या इमारती, असे हे वृंदावन. येथे यमुनेचा काठ नाही आणि कदंबाची छायाही नाही. शहराची नदी गोमती, प्रांत अवधचा. व्रजभूमी तेथून पश्चिमेस कितीतरी दूर. तरीही हे नाव ना ठेवणाऱ्यांना परके वाटले, ना तेथे राहावयास आलेल्यांना. गावापासून दूर नेऊन कोठेही वसविता येते, असे काही वृंदावनाच्या अंगी असले पाहिजे.

आपल्या संगीतात ही गोष्ट शतकानुशतके घडत आली आहे. धारवाडचा गवई घरी कानडी बोलतो, कोल्हापूरचा मराठी बोलतो, आग्र्याचा उस्ताद उर्दू बोलतो. पण तंबोरे जुळले, की तिघांच्याही मुखी व्रजभाषा येते. पनघट, घागर, सावन, सास-ननंद आणि श्याम यांचा तो प्रदेश नकाशावर शोधावयाचा नसतो; तो रागात वसलेला असतो. याच लखनौ शहरात, कैसरबागेतील एका संगीतविद्यालयात, मुंबईहून आलेल्या एका मराठी गायकाने असे एक वृंदावन स्वतःच्या हाताने वसविले. त्याने शेकडो चिजा रचल्या. शब्द त्याचे, स्वरही त्याचे. त्या गायकाचे नाव श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, चिजांतील नाममुद्रा ‘सुजान’, आणि त्या चिजांच्या संग्रहाचे नाव ‘अभिनव गीत मंजरी’. हा संग्रह कसा घडला आणि संगीताच्या जगाने त्याचे स्वागत कसे केले, याचा विचार केला म्हणजे एक मोठा प्रश्न समोर उभा राहतो. जी परंपरा जुन्यालाच प्रमाण मानते, तिच्यात नव्या गाण्याला जागा मिळते कशी?

स्वतः शब्द लिहिणारा आणि स्वतःच त्यांना स्वर देणारा कलावंत आपल्याकडे नवा नाही. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात अशा कलावंताला ‘वाग्गेयकार’ म्हटले असून त्याच्या प्रतीही लावून दिल्या आहेत. शब्द आणि स्वर या दोहोंवर ज्याचे सारखेच प्रभुत्व, तो उत्तम. स्वररचना सरस, परंतु शब्द उणे, तो मध्यम. शब्द रमणीय, पण स्वररचना मंद, तो मात्र अधम. या वर्गवारीत एक मर्म आहे. केवळ चांगली कविता लिहून गाणे होत नाही, असा शास्त्रकाराचा स्पष्ट निर्वाळा आहे.

दूरदेशीही असेच कलावंत आढळतात. अमेरिकेतील डोंगराळ खेड्यांतील गाण्यांना तिकडे ‘कंट्री’ संगीत म्हणतात. १९२७ साली टेनेसी राज्यातील ब्रिस्टल गावी कार्टर कुटुंबाच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि ही घरगुती गाणी तबकड्यांवरून देशभर पोहोचली. पुढे त्यांचा मोठा व्यापार झाला. मग १९९० च्या सुमारास काही तरुण गायकांना त्या व्यापारी चकचकीतपणाचा वीट आला. ‘अंकल टुपेलो’ नावाच्या त्रिकुटाने त्या वर्षी काढलेल्या आपल्या पहिल्या तबकडीचे नाव कार्टर कुटुंबाने पूर्वी गायिलेल्या एका गीतावरून घेतले, आणि आपली नवी गाणी जुन्या गाण्यांच्या पंक्तीला आणून बसविली. या पंथाला पुढे ‘पर्यायी कंट्री’ असे नाव पडले. त्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला : तुम्ही खेड्यातले नाही, त्या काळातले नाही, मग हे गाणे तुमचे कसे? फरक एवढाच, की अमेरिकन गायकाच्या हाती तबकडी होती आणि तिच्यात त्याचा आवाज कायमचा साठविलेला होता. रातंजनकरांचा संग्रह म्हणजे छापील पुस्तक. त्यात स्वर होते, पण आवाज नव्हता. या फरकाचे परिणाम पुढे दिसतीलच.

रातंजनकरांचा जन्म एकोणिसावे शतक संपता संपता मुंबईत झाला. प्रारंभीचे शिक्षण कृष्णंभट्ट होनावर आणि पुढे अनंत मनोहर जोशी यांच्याकडे झाले. लहानपणीच ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांचे शिष्य झाले. शास्त्र भातखंड्यांकडे शिकता येईल, पण मैफलीचे गाणे मैफलीच्या गवयाकडेच शिकावयास हवे, हे भातखंडे पुरते जाणून होते. म्हणून त्यांच्याच प्रेरणेने १९१७ मध्ये रातंजनकर बडोद्यास गेले आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर उस्ताद फैयाज खाँ यांचे शिष्य झाले. उस्ताद स्वतः ‘प्रेमपिया’ या नावाने चिजा रचीत. एका बाजूस ‘चतुर’ या नावाने लक्षणगीते लिहिणारे भातखंडे, दुसऱ्या बाजूस ‘प्रेमपिया’. या दोन गुरूंमधून ‘सुजान’ घडला. पहिल्याकडून त्याला रागाचे व्याकरण मिळाले, दुसऱ्याकडून मुखड्याची चटक.

१९२६ साली लखनौत संगीताचे विद्यालय निघाले. राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे मंत्री राय राजेश्वर बली यांचा पुढाकार, भातखंड्यांची योजना, आणि नाव त्या वेळचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर असलेले रातंजनकर तेथे अध्यापक म्हणून गेले आणि १९२८ मध्ये प्राचार्य झाले. हे शहर संगीतात दरिद्री नव्हते. वाजिद अली शाहाने, १८५६ मध्ये गादी जाण्यापूर्वी, याच कैसरबागेत नृत्यगायनाचे वैभव उभे केले होते. ‘अख्तरपिया’ या नावाने तो स्वतः गीतेही रचीत असे. ठुमरी आणि कथक यांचे हे माहेरघर. अशा गावात मुंबईचे मराठी लोक आले आणि फळ्यावर स्वर लिहून गाणे शिकवू लागले. हे गाणे आहे, की गणित, अशी शंका लखनौकरांच्या मनात आली असल्यास त्यात नवल नाही.

भातखंड्यांनी त्यापूर्वीच एक अवघड काम करून ठेवले होते. रामपूर, जयपूर आणि अन्य ठिकाणच्या खानदानी गवयांकडून त्यांनी पारंपरिक चिजा मिळविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या. ज्या चिजा मुलालासुद्धा देताना उस्ताद हात आखडता घेत, त्या थोड्या पैशांत कोणालाही मिळू लागल्या. मग इतक्या जुन्या चिजा हाताशी असताना नव्या चिजांची गरजच काय होती?

गरज होती. पहिले कारण असे, की चिजांची वाटणी सर्व रागांत सारखी नव्हती. यमन, भैरव, मालकंस यांत चिजांची रेलचेल. परंतु अप्रसिद्ध रागांत एखाददुसरी चीज, तीही कधी अपुरी. विलंबित ख्याल सापडला तर द्रुत सापडत नसे. अस्ताई मिळाली तर अंतऱ्याचा पत्ता नसे. दुसरे कारण शब्दांचे. मुखामुखी चालत आलेल्या चिजांत शब्द इतके झिजलेले, की पुष्कळदा गाणाऱ्यालाही अर्थ सांगता येत नसे. तिसरे कारण अध्यापनाचे. रागाचे वादी-संवादी, त्याचे वर्ज्य स्वर, त्याच्या जवळच्या रागापासून त्याला वेगळे ठेवणारी ती एक नेमकी स्वरसंगती, हे सारे विद्यार्थ्याच्या गळ्यावर चढावे, तर चीज तशीच घडलेली हवी. व्याख्या पाठ करून राग येत नाही. चीज पाठ करून येतो. चौथे कारण कोणत्याही सोयीपलीकडचे आहे. रातंजनकर स्वभावतःच रचनाकार होते. राग मनात घोळू लागला, की त्याला देह दिल्यावाचून अशा माणसाला राहवत नाही.

चीज घडते कशी, हे थोडे सांगितले पाहिजे. त्रितालाच्या सोळा मात्रा. पहिल्या मात्रेवर सम, नवव्या मात्रेवर काल. मध्यलयीच्या पुष्कळ चिजा कालापासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलतात. समेपूर्वीच्या त्या आठ मात्रांत मुखडा बसतो. या एवढ्याशा जागेत रागाची ओळख पटली पाहिजे, शब्दाचा वाक्यार्थ अर्धवट राहून ओढ लागली पाहिजे, आणि समेवर येणारे अक्षर असे हवे, की त्यावर आवाज मोकळा पडावा. तेथे ‘आ’कार असला तर गळा खुलतो; जोडाक्षर आले तर अडखळतो. म्हणून वाग्गेयकार शब्द अर्थासाठी निवडतो तितकाच स्वरवर्णासाठीही निवडतो. अस्ताई मंद्र आणि मध्य सप्तकांत रागाचे घर बांधते, अंतरा तार षड्जाकडे झेप घेतो आणि परतताना पुन्हा मुखड्याच्या दाराशी आणून सोडतो. सगळी रचना पाच-सहा ओळींची. परंतु तिच्यावर अर्धा तास विस्तार करता यावा, इतके बळ तिच्यात असावे लागते. कमी शब्दांत घट्ट रचना करणे आणि तरीही गायकासाठी मोकळी जागा सोडणे, ही वाग्गेयकाराची खरी परीक्षा होय.

रातंजनकरांनी ध्रुपद, धमार, ख्याल, तराणा, लक्षणगीत असे सर्व प्रकार हाताळले. केदार बहार, सावनी केदार यांसारखी मिश्रणे त्यांच्या नावाशी जोडली गेली. दक्षिणेच्या संगीताचाही त्यांचा डोळस अभ्यास होता आणि सालगवराळीसारख्या रागाला त्यांनी उत्तरेच्या पद्धतीत स्थान दिले. या सगळ्या रचनांचा निवडक ऐवज ‘अभिनव गीत मंजरी’च्या तीन भागांत स्वरलिपीसह उतरला. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राच्या खाली बिंदू, ताराच्या वर बिंदू, समेला गुणिले आणि कालाला शून्य : भातखंड्यांनी रूढ केलेल्या या साध्या खुणांत एका गायकाच्या आयुष्याची कमाई मावली.

आता स्वागताकडे वळू. ते तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी झाले.

पहिले स्वागत विद्यार्थ्यांचे. ते निःशंक होते, कारण त्यांना या चिजा पुस्तकातून मिळाल्याच नाहीत. त्या गुरूच्या तोंडून मिळाल्या. बेळगावजवळच्या बैलहोंगलचे कृष्ण गुंडोपंत गिंडे वयाच्या अकराव्या वर्षी लखनौस येऊन गुरुगृही राहिले. एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर ही मंडळी याच परिसरात घडली. यांतले बहुतेक कन्नड-कोकणी-मराठी मुलखातून आलेले. अवधच्या राजधानीत, मराठी गुरूकडे, व्रजभाषेतील चिजा शिकणारी ही मुले म्हणजे त्या वसविलेल्या वृंदावनाचे पहिले रहिवासी. पुढे कायकिणींनी ‘दिनरंग’ या नावाने, आणि रातंजनकरांचा लाभ झालेल्या चिंतामण रघुनाथ व्यासांनी ‘गुणिजान’ या नावाने स्वतःच्या चिजा रचल्या. एका वाग्गेयकारापासून दुसरे वाग्गेयकार निपजावेत, याहून मोठी पावती कोणती?

दुसरे स्वागत घराणेदार गवयांचे. ते थंड होते, आणि त्याची कारणे केवळ मत्सरात शोधणे अन्यायाचे होईल. खानदानी गवयाच्या दृष्टीने चीज ही मालमत्ता असते. ती कोणाकडून आली, कोणत्या मोबदल्यात आली, यावर तिची किंमत ठरते. सदारंगाची चीज गाताना गवई कानाला हात लावतो, तो त्या वंशपरंपरेला केलेला प्रणाम असतो. जी चीज छापून विकली जाते, जिला वंश नाही, जी काल परवा एका प्राचार्याने लिहिली, तिच्यापुढे त्याने कान का धरावेत? शिवाय ‘कॉलेजचे गाणे’ असा एक शिक्का होता. राग शुद्ध, ताल चोख, पण रंग नाही, असे त्या शिक्क्याचे म्हणणे. या आक्षेपात काही तथ्यही होते. संग्रहातील काही रचना उघडच पाठासाठी केलेल्या आहेत. त्यांत रागाचा सांगाडा इतका स्पष्ट दिसतो, की गूढ काही उरत नाही, आणि शब्दही रूढ संकेतांच्या बाहेर फारसे जात नाहीत. जो शिक्षक असतो त्याला स्पष्ट बोलावेच लागते. पण स्पष्टपणा हा कलेत नेहमीच गुण ठरत नाही.

त्यातच आणखी एका प्रकरणाची भर पडली. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि नभोवाणीवर गाणाऱ्या कलावंतांच्या ध्वनिपरीक्षेची नवी पद्धत सुरू झाली. त्या कामात रातंजनकरांचा वाटा प्रमुख होता. ज्यांनी आयुष्यभर मैफली गाजविल्या, त्यांना रागाविषयी प्रश्न विचारले जावेत, हे अनेकांना अपमानास्पद वाटले. मुंबईच्या कलावंतांत तर उघड विरोध झाला. गुणवत्तेची कसोटी हवी हे खरे, आणि कलावंताचा मान राखला जावा हेही तितकेच खरे. या वादात कोणाची बाजू किती न्याय्य होती, हे बाजूला ठेवले, तरी त्याचा एक परिणाम नाकारता येत नाही. परीक्षकाच्या चिजा परीक्षा देणारे आवडीने गात नाहीत.

तिसरे स्वागत सर्वसामान्य श्रोत्यांचे. ते सर्वांत मौजेचे आहे, कारण ते नकळत झाले. मैफलीत एखादी सुबक मध्यलयीची चीज कानावर पडते, श्रोता मान डोलावतो आणि जुनी खानदानी चीज ऐकल्याचे समाधान घेऊन घरी जातो. अंतऱ्यात ‘सुजान’ हा शब्द आला, तरी तो ‘जाणता’, ‘शहाणा’ या साध्या अर्थाने घेतो. ते कवीचे नाव आहे, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. पाश्चात्य कलावंताला हे दुःखद वाटेल. आपल्या परंपरेत मात्र हाच विजय समजला जातो. नवी चीज तेव्हाच खरी रुजली, जेव्हा ती नवी आहे हे लोक विसरले.

येथे समकालीन अशा दुसऱ्या मराठी वळणाच्या वाग्गेयकाराची आठवण होणे साहजिक आहे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारामुळे देवासला गेले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याच्या बायकांची गाणी ऐकली, आणि त्या गावरान धुनांतून नवे राग व नव्या चिजा घडविल्या. त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे वृंदावन शेताच्या बांधावरून आले. रातंजनकरांचे ग्रंथ आणि गुरुमुख यांतून आले. कुमारांवरही परंपरा मोडल्याचा आरोप झाला, तर रातंजनकरांवर परंपरा फार काटेकोर सांभाळल्याचा. पण कुमारांजवळ एक गोष्ट होती : आपल्या चिजा स्वतःच्या मोहिनी घालणाऱ्या आवाजात त्यांनी भारतभर गाऊन दाखविल्या, आणि त्यांचे ध्वनिमुद्रण विपुल झाले. रातंजनकरांचे आयुष्य बहुतांशी वर्गात, ग्रंथांत आणि संस्थांच्या उभारणीत खर्ची पडले. त्यांना १९५७ साली पद्मभूषण मिळाले. खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे ते कुलगुरू झाले. परंतु त्यांच्या चिजांचा प्रसार त्यांच्या गळ्यापेक्षा शिष्यांच्या गळ्यांवर अवलंबून राहिला.

आणि आज खरी काळजी येथेच आहे. रातंजनकर १९७४ मध्ये गेले. गिंडे १९९४ मध्ये, भट २००८ मध्ये आणि कायकिणी २०१० मध्ये गेले. संग्रहाचे तीनही भाग शिल्लक आहेत. त्यांतील एकही रेघ, एकही बिंदू पुसला गेलेला नाही. परंतु स्वरलिपी म्हणजे चिजेचा पत्ता; चीज नव्हे. गंधार कोमल आहे, एवढे पुस्तक सांगते; तो किती आंदोलित करावयाचा, हे सांगत नाही. मुखडा नवव्या मात्रेवर उचलावा, हे ते सांगते; किंचित रेंगाळून उचलला असता त्यात कोणती लज्जत येते, हे गुरूच सांगतो. भातखंड्यांना हे ठाऊक होते, म्हणून तर त्यांनी आपल्या सर्वांत हुशार शिष्याला पुस्तके हाती देऊन थांबविले नाही. त्याला बडोद्यास पाठविले.

लखनौच्या त्या विद्यालयाचे पुढे भातखंडे यांच्या नावाने नामकरण झाले, २००० साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि आता ते राज्याचे संस्कृती विश्वविद्यालय आहे. संस्था मोठी झाली. शहरही वाढत वाढत वृंदावन योजनेपर्यंत आणि तिच्याही पुढे गेले. वसाहत उभी करावयाची, तर आराखडा लागतो, हे खरे. पण आराखड्यात कोणी राहत नाही. घरात दिवा लागला, चूल पेटली, दारात मूल खेळू लागले, म्हणजे ती वसाहत होते. ‘अभिनव गीत मंजरी’ हा असाच एक उत्तम आराखडा आहे. त्यातली काही घरे आजही नांदती आहेत, काही मात्र बंद आहेत. ती उघडण्याचे काम ग्रंथपालाचे नाही. जाणत्या गुरूपुढे बसून, एखादी विसरलेली चीज गळ्यावर चढवून, चार श्रोत्यांपुढे ती जिवंत करणाऱ्या गायकाचे ते काम आहे. तसा गायक पुढे आला आणि ऐकणाऱ्याने ती चीज फार जुनी असल्याचे समजून दाद दिली, तर ‘सुजान’ यांना हवे होते ते स्वागत पुरतेपणी मिळाले, असे म्हणता येईल.